लेगगार्डवरचे दोन दिवे

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. मी ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला आहे, याचा अर्थ मी विमानं बनवतो असा होत नाही. उडवत तर नाहीच. "निकम साहेब, एकदा आमच्या बंड्याला कॉकपिटात बसवून आणा ना," असं म्हणणाऱ्यांना मी वर्षानुवर्षं हात जोडून सांगत आलोय की अहो, तिथं मलाच कुणी बसू देत नाही. मी तपासणी विभागात आहे. विमानात जाणाऱ्या वायरींच्या जुड्या माझ्या टेबलावर येतात. प्रत्येक वायरीला नंबर असतो, रंग असतो, ती कुठून निघून कुठं जाते याचा नकाशा असतो. नकाशा आणि जुडी जुळली की मी शिक्का मारतो. संपलं. पण हिरावाडीतल्या आमच्या सोसायटीनं त्याचा अर्थ असा लावला होता की वीज आणि वायर जिथं म्हणून एकत्र येतील तिथं निकमला बोलवायचं. मिक्सर बिघडला, बोलवा निकमला. गणपतीची माळ लागेना, बोलवा निकमला. त्यामुळे माझ्याच मोटारसायकलचे दोन दिवे जेव्हा मला लावता येईनात, तेव्हा या मंडळींना जो आनंद झाला तो मी जन्मात विसरणार नाही.

गोष्ट गेल्या वर्षीची, सत्त्याण्णव सालची. आपल्याकडे मोटारसायकलच्या हेडलाइटचा उपयोग एवढाच असतो की समोरच्याला कळावं, इकडून कुणीतरी येतंय. आपल्याला पुढचं दिसावं अशी त्याच्याकडून कुणाची अपेक्षाच नसते. आमच्या कारखान्यात तेव्हा ओव्हरटाइम जोरात होता, निघेपर्यंत अंधार पडायचा, आणि आग्रा रोडवर अंधारात काय काय उभं असतं हे ज्यानं बघितलंय त्यालाच माहीत. एकदा दहाव्या मैलाजवळ एक कांद्याची ट्रॉली रस्त्यात उभी. मागं दिवा नाही, लाल कापड नाही, काही नाही. ब्रेक दाबला तेव्हा माझं नाक गोणीला टेकलं होतं. कांदा उन्हाळी होता, हे मला वासावरून कळलं.

घरी येऊन ही गोष्ट मी बायकोला, प्रतिभाला, जरा मीठमसाला लावून सांगितली. ही माझी चूक. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नुसतीच भांडी इकडची तिकडं करत राहिली. मग बाहेर येऊन म्हणाली, "ती गाडी विका आणि कंपनीच्या बसनं जा."

आता या बसबद्दल सांगायलाच हवं. बसला माझा विरोध नाही. बसमध्ये गोरक्ष बोरसे आहे. माझ्याच विभागात, शेजारच्या टेबलावर असतो. याच्या किडनीतून एक खडा निघाला, तो त्यानं होमिओपॅथीच्या बाटलीत घालून खिशात ठेवलाय. ओझर येईपर्यंत तो खडा कसा हलला, कुठं अडला, डॉक्टर काय म्हणाले हे सगळं सांगतो आणि शेवटी बाटली तुमच्या हातात देतो. "निकम, खिडकीजवळची जागा तुझ्यासाठी धरून ठेवतो मी, कधीही ये," असं तो मला रोज म्हणायचा. त्या एका वाक्याच्या भीतीनं मी थंडीत, पावसात, ताप असताना मोटारसायकलवर गेलोय. ती गाडी म्हणजे माझी रोजची मोकळी हवा होती हो. जाताना तपोवनाकडून येणारा वारा, येताना मळ्यातल्या ओल्या मातीचा वास, आणि मध्ये कुणी बोलणारं नाही.

तर मी तोड काढली. इंजिनापुढच्या लोखंडी दांड्यावर, लेगगार्डवर, दोन जादा दिवे बसवायचे. ट्रकला असतात तसे, गोल, पिवळ्या काचेचे. प्रतिभा म्हणाली, "ठीक आहे. पण ते लागले पाहिजेत. नाही लागले तर दसऱ्याला गाडी शेखरला देऊन टाकायची." शेखर म्हणजे तिचा भाऊ, विंचूरला कांद्याचा व्यापार करतो. माझ्या गाडीवर त्याचा लग्नापासून डोळा. लग्नात कानपिळीला सगळे मेव्हणे कपडे-अंगठी मागतात, या पठ्ठ्यानं गाडीची चावी मागितली होती. तेव्हा सगळे हसले होते. मी हसलो नव्हतो.

दिवे बसवले आडगाव नाक्यावरच्या भारतनं. भारत हा गाड्यांची वायरिंग करणारा माणूस. स्वभावानं गोड, पण वायर वापरतो ती सगळी लाल. मी म्हटलं, "अरे, प्लसला लाल, अर्थिंगला काळी, काही तरी फरक ठेव ना. उद्या शोधायची झाली तर?"

"साहेब, लाल शुभ असती," भारत म्हणाला. "आणि शोधायचं काम मी येऊच देत नाही."

दिव्यांच्या पाठीला वायर जोडायचा एकेक स्क्रू होता, त्याच्यावर रबरी टोपी हवी. तीही नव्हती. विचारलं तर म्हणाला, "टोपी शोची असती साहेब. मागून कोण बघतंय?" मी बघत होतो. पण माझं कोण ऐकतंय!

पहिला आठवडा मात्र काय सांगू! काय तो उजेड! रस्त्यावरचा खडा न् खडा दिसायला लागला. आणि एक नवीनच गोष्ट झाली. आमच्या गॅलरीतून कॅनॉलच्या रस्त्याचं वळण दिसतं. दुसऱ्या गाड्यांचा एकेक दिवा यायचा, माझे तीन दिवे एकदम वळायचे. प्रतिभाला लांबूनच कळायचं की आपलं माणूस आलं. ती उठून तवा ठेवायची. मी जिना चढून येईपर्यंत पहिली पोळी फुगलेली असायची. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, इतकं वेळेवर जेवण मला कधी मिळालं नव्हतं. तेही गरम!

त्याच आठवड्यात प्रतिभानं गाडीला लिंबू-मिरची बांधली. आमच्या सोसायटीच्या गेटपाशी ठमाबाई बसते. मखमलाबादला तिचा मळा आहे, तिथून ती भाजी आणि फुलं घेऊन येते आणि शनिवारी लिंबू-मिरच्या ओवून ठेवते. तिनं प्रतिभाला सांगितलं होतं, "ताई, दादाच्या गाडीवर लय नजर हाय. येणारा-जाणारा बघत ऱ्हातो." आता मी शास्त्राचा माणूस. लिंबू-मिरची या प्रकाराकडे मी तत्त्व म्हणून बघत नाही. विरोधही करत नाही, कारण विरोध केला की भांडण होतं. मी नुसतं बघत नाही. पहिलं लिंबू हायवेवर दोरा तुटून पडलं, तेव्हा ठमाबाईनं तेही मनावर घेतलं. म्हणाली, "थांबा ताई, आता द्राक्षबागेतली तार आणते. वेल बांधायची. ट्रक धडकला तरी पडायचं नाय." आणि पुढच्या शनिवारी तिनं खरोखरच तारेत ओवलेली लिंबू-मिरची आणली. प्रतिभानं ती दिव्याशेजारी घट्ट पिळून बांधली. हेही मी बघितलं नाही. ऐकलं फक्त.

सोमवारी येताना कारखान्याच्या गेटबाहेरच्या स्पीडब्रेकरवर गाडी उडाली आणि फट्! दोन्ही दिवे गेले.

फ्यूज उडाला होता. नवीन घातला, तो उडाला. आणखी एक घातला, तोही गेला. मी हेडलाइटच्या मिणमिणत्या उजेडात रखडत घरी आलो. प्रतिभा गॅलरीतच उभी होती. पोळ्या झाल्याच नव्हत्या. "मला कसं कळणार तुम्ही आलात ते?" एवढंच म्हणाली, पण तिच्या चेहऱ्यावर कांद्याची ट्रॉली स्पष्ट दिसत होती.

भारतकडे गाडी नेली. त्यानं आधी त्याच्या हाताशी लोंबणारी ती लिंबू-मिरची सोडून, नमस्कार करून बाजूला ठेवली, मग फ्यूज घातला, स्विच दाबला. दिवे झक्क लागले. त्यानं गाडी हलवली, वाकवली, लाथ मारली. दिवे चालूच.

"साहेब, दिवे तर लागतायत," भारत म्हणाला.

"काल लागत नव्हते."

"काल तुम्ही काय केलं होतं?"

बघा! माझीच चौकशी! तरी त्यानं खबरदारी म्हणून स्विच बदलला. मी खुशीत घरी आलो. शनिवारी प्रतिभानं "दिवे गेले होते ना, नजरच लागली असणार," म्हणून नवीन लिंबू-मिरची बांधली. सोमवारी पुन्हा फट्.

मग हेच सुरू झालं. दिवे गेले की भारतकडे, भारतकडे गेलं की दिवे चालू. त्यानं स्विच बदलला, रिले बदलला, बॅटरी बदलली, आणि शेवटी बदलण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा म्हणाला, "हे काम कुणी केलंय, साहेब? एकदम कच्चं काम आहे."

"तूच केलंयस!"

"तरीच," भारत शांतपणे म्हणाला. "तेव्हा गर्दी होती."

आणि प्रत्येक वेळी प्रतिभाची लिंबू-मिरची वाढत गेली. आधी एक लिंबू होतं, मग दोन दिव्यांना दोन झाली. ठमाबाई तर गाडी दिसली की हातातली कोथिंबीर टाकून उभी राहायची आणि कडाकडा बोटं मोडायची. मी तिला एकदा चिडून म्हटलं, "अहो ठमाबाई, वायरिंगमध्ये फॉल्ट आहे, नजर कसली?" तर म्हणाली, "तुम्हाला नाय कळायचं दादा. तुम्ही शिकलेले हायत." हे ती कौतुकानं म्हणाली की कसं, मला अजून कळलेलं नाही.

याच सुमारास आडगाव नाक्यावरच्या हवालदारानं मला पकडलं. दिवे त्या दिवशी लागले होते. "काय हे? समोरच्याच्या डोळ्यांत जातात. परवानगी आहे का?" मी म्हटलं, नाही. "मग काढा तरी, नाहीतर नोंद करून आणा." मी कायद्याला मानणारा माणूस. रजा टाकून एका सरकारी कार्यालयात गेलो. कुठल्या ते सांगत नाही. मला पुढं लायसन्स रिन्यू करायचंय.

तिथला माणूस म्हणाला, "दिवे लावून दाखवा." मी स्विच दाबला. फट्.

"हे तर लागत नाहीत," तो म्हणाला. "न लागणाऱ्या दिव्यांची नोंद आम्ही कशी करायची?"

"मग नोंद नको ना? लागतच नाहीत तर."

"बसवलेत ना पण? बसवलेत म्हणजे नोंद हवी. लागले की या."

दुसऱ्या दिवशी त्याच नाक्यावर तोच हवालदार. गाडी थांबवून, दिव्यांवर टिचकी मारून मला म्हणतो, "आज का लावले नाहीत? इतक्या अंधारात? स्वतःचा जीव नकोसा झालाय का तुम्हाला?" आता याच्यावर काय बोलायचं! ऐंशी प्रकारच्या वायरी तपासणाऱ्या माणसाला एका चौकात उभं करून एकाच आठवड्यात उजेड पाडल्याबद्दल आणि न पाडल्याबद्दल बोलणी खायला लावतात, आणि वर तोच हवालदार म्हणतो, "ओझरला असता ना तुम्ही? मग विमानाचं काय करता?"

मी ठरवलं, बस्स झालं. आता स्वतः हात घालायचा. रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात सतरंजी टाकली, टेस्टलॅम्प घेतला, कोऱ्या कागदावर नकाशा काढला. सगळ्यात आधी ती दोन्ही लिंबं तारेसकट सोडून भिंतीवर ठेवली. ती काही वायरिंगचा भाग नव्हती. मग एकेक लाल वायर धरून तिच्यावर चिठ्ठी चिकटवायला सुरुवात केली. कारखान्यात करतो तसंच, पद्धतशीर. पण कारखान्यात बघायला माणसं नसतात. इथं चहा घेऊन अख्खी सोसायटी खाली उतरली.

सगळ्यात पुढं आमचे तळमजल्यावरचे सावळीराम तात्या. वीज मंडळातून लाइनमन म्हणून रिटायर झालेले. उभं आयुष्य हाय टेन्शनच्या तारांवर गेलेलं असल्यामुळे त्यांना बारा व्होल्ट म्हणजे वीजच वाटत नाही. ते म्हणाले, "अर्थिंग नाहीये हिला."

"तात्या, गाडीची बॉडी हेच अर्थिंग असतं."

"बॉडी रबरावर उभी आहे. टायर कशाचे? रबराचे. जमिनीला कुठं टेकलीय? मी सांगतो, हाच फॉल्ट आहे. पार्किंगच्या जागेवर खड्डा घ्या, मीठ-कोळसा भरा, पट्टी टाका आणि गाडी तिला बांधा."

"आणि मग चालवायची कशी?"

तात्यांनी थोडा विचार केला. "तेच तर कंपनीवाल्यांचं चुकतंय," ते म्हणाले.

दुपारपर्यंत मी सगळ्या वायरी सोडल्या, तपासल्या. फॉल्ट नाही! एकही नाही! अशी निर्दोष जुडी कारखान्यात आली असती तर मी डोळे मिटून शिक्का मारला असता. पुन्हा जोडायला घेतलं, तेवढ्यात वारा आला आणि चिठ्ठ्या उडाल्या. तात्यांनी त्या गोळा केल्या आणि मोठ्या मायेनं पुन्हा चिकटवल्या. त्यांना वाटेल तिथं. जोडून झाल्यावर दिवे लागले, सोसायटीनं टाळ्या वाजवल्या, आणि मी ब्रेक दाबला तर हॉर्न वाजला.

एवढं चालेल, म्हटलं. नवरात्र सुरू झालं होतं, बायकोला कालिकेच्या यात्रेला न्यायचं कबूल केलं होतं. हॉर्नचं नंतर बघू. प्रतिभानं निघताना नवीन लिंबं बांधली. देवीला जातोय म्हणून त्यांना कुंकूही लावलं. मुंबई नाक्याच्या पुढं गर्दी लागली. आता गर्दीत माणूस काय करतो? ब्रेक दाबतो. मी ब्रेक दाबला की पें! सोडला की बंद. पुन्हा दाबला की पें! लोक वळून शिव्या द्यायला लागले. एक आजोबा दचकून फुगेवाल्यावर पडले. "अहो, काय चालवलंय? देवीच्या दारात!" प्रतिभा मागून माझी पाठ गदागदा हलवत होती. आणि अगदी रांगेच्या तोंडाशी एका खड्ड्यातून चाक गेलं आणि फट्! दिवे गेले, त्यांच्यामागं हेडलाइटही गेला, आणि हॉर्न मात्र लागला तो लागूनच राहिला. ब्रेक सोडला तरी थांबेना. अख्खी यात्रा माझ्याकडे बघत होती, ढोलवाले वाजवायचे थांबले होते. मी शेवटी हिसका देऊन हॉर्नची वायर तोडली.

प्रतिभा उतरली. रागावली असती तर चाललं असतं. पण तिचे डोळे भरले होते. "मला तुमच्या गाडीशी वैर नाही हो," ती म्हणाली. "पण रोज संध्याकाळी गॅलरीत उभं राहून मी किती वेळा ते वळण बघते, तुम्हाला काय माहीत! मला नाही झेपत आता."

मी गाडी ढकलत घरच्या रस्त्याला लावली.

दसऱ्याला शेखर आला. गाडी धुतली. तारेसकट सगळी लिंबं काढून केराच्या टोपलीत टाकली, फ्यूज नि हेडलाइटचा बल्ब नवा घातला, झेंडूचा हार घातला, मला सोनं दिलं, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "दाजी, काळजीच नका करू. लेकरासारखी सांभाळतो." त्यांच्याकडं विंचूरला नजर लागू नये म्हणून गाडीच्या मागं जुनी चप्पल बांधतात, ती तो पिशवीतून घेऊनच आला होता. माझ्या डोळ्यांदेखत त्यानं माझ्या गाडीला चप्पल बांधली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये चढलो. गोरक्षनं खरंच जागा धरली होती. ओझर येईपर्यंत खडा डाव्या किडनीतून निम्म्या वाटेपर्यंतच आला होता. उरलेला त्यानं परतीला सांगितला. बाटली मी हातात घेतली. घ्यावीच लागते. प्रतिभा मात्र निवांत झाली होती. बस सातला नाक्यावर येते हे ठरलेलं, तिला गॅलरीत उभं राहावं लागत नव्हतं. तिला निवांत बघून बरंही वाटायचं आणि रागही यायचा. तवा ती बसची वेळ बघून ठेवायची, पण बस उशिरा यायची, त्यामुळे पोळ्या गार. त्याचं तिला काही वाटत नव्हतं, मला वाटत होतं.

आणि वर विंचूरहून शेखरचे फोन! "दाजी, दिवे काय लागतात हो! लासलगावच्या रोडनं मांजर पळालं तरी दिसतं. महिना होत आला, एक फ्यूज नाही गेला!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीच गाडी. त्याच लाल वायरी. तीच तात्यांच्या चिठ्ठ्यांवरून जोडलेली वायरिंग. मी शिकलेला माणूस हात लावतो तर विझतात, आणि हा कांदेवाला लाथ मारून चालू करतो तर लखलखतात! गाडीला माणूस कळतो की काय, असले विचार मी करायला लागलो. मी! तपासणी विभागातला माणूस!

भाऊबीजेला शेखर गाडीवरूनच आला. दिवेलागण झाली होती. कॅनॉलच्या वळणावर तीन दिवे एकदम वळले आणि गॅलरीत उभी असलेली प्रतिभा चटकन आत वळली, तव्याकडे. मग तिच्या लक्षात आलं. थांबली. माझ्याकडे बघितलं आणि ओवाळणीचं ताट पुसायला घेतलं.

ओवाळणं झालं, जेवणं झाली. शेखरला त्याच रात्री परत जायचं होतं, दुसऱ्या दिवशी लिलाव होता. आम्ही त्याला पोचवायला खाली उतरलो. सोसायटीचे लोक गाडीभोवती जमले, "वा वा, काय उजेड!" म्हणाले. तात्या म्हणाले, "अर्थिंग केलेलं दिसतंय." आणि प्रतिभातली बहीण जागी झाली. "थांब रे, इतके सगळे बघतायत, आणि तुला अंधाराचं जायचंय," म्हणत ती वर पळाली आणि ठमाबाईनं घराच्या दाराला बांधायला दिलेली लिंबू-मिरची घेऊन आली. वाकून तिनं ती दिव्याशेजारी तारेनं बांधली. चांगले चार पीळ दिले.

शेखरनं किक मारली. दिवे झळकले. गाडी गेटच्या चरावरून धडधडली, आणि फट्.

त्यानं फ्यूज घातला. फट्. "हे काय झालं बुवा?" त्यानं आणखी एक घातला. फट्. मी पुढं झालो. टॉर्च घेऊन खाली बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या लिंबू-मिरचीकडे बघितलं.

लिंबाच्या बुडातून बाहेर आलेलं तारेचं टोक गाडीच्या धक्क्यानं सरकून दिव्याच्या पाठीवरच्या त्या उघड्या स्क्रूला टेकलं होतं. जिथं टोपी हवी होती तिथं. तारेचे पीळ लेगगार्डच्या लोखंडाला. टोकाशी एक बारीकसा काळा डाग पडला होता, मिरचीचं साल करपलं होतं आणि वास येत होता. म्हणजे प्लस थेट अर्थिंगला! दर वेळी तपासायला घेतलं की आधी लिंबू सोडायचं, आणि नीट झालं की बक्षीस म्हणून नवीन लिंबू बांधायचं! माझ्या नकाशात प्रत्येक वायर होती. लिंबू नव्हतं.

मी उठलो. काय काय बोलू असं झालं होतं मला. भारत, तात्या, हवालदार, ते कार्यालय, ठमाबाई, एकेकाचा हिशेब चुकता करायचा होता. भाषण तोंडात तयार होतं. मी श्वास घेतला, आणि तेवढ्यात शेखर म्हणाला,

"दाजी, खरं सांगू का? ही गाडी तुमच्या दारातून मला न्यायचीच नाय. हिचं मन इथंच हाय. ऱ्हाऊ द्या हिला. मी एस्टीनं जातो."

मी श्वास तसाच धरून ठेवला. बोललो असतो तर त्यानं तार काढून टाकली असती आणि गाडी विंचूरला गेली असती. आणि प्रतिभाला कळलं असतं की ज्यांच्यासाठी ती रोज जीव मुठीत धरून गॅलरीत उभी राहत होती, ते दिवे तिनं स्वतःच्याच हातानं, देवाचं नाव घेऊन, दर शनिवारी विझवले होते. मी तिच्याकडे बघितलं. चेहरा एवढासा झाला होता तिचा.

"असं म्हणतोस?" मी म्हटलं. "बघ बाबा. तुझी मर्जी."

सकाळी उठून पहिलं काम केलं ते म्हणजे ठमाबाईला गाठलं. प्रतिभाला लिंबू बांधण्यापासून रोखणं ब्रह्मदेवाला शक्य नव्हतं, पण तार बदलता येत होती. "ठमाबाई, यापुढं आमची लिंबू-मिरची काळ्या दोऱ्यात ओवा. जाड, दुहेरी."

"का वो दादा? तार चांगली ऱ्हाती की."

खरं कारण सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत वर पोचलं असतं. मी इकडंतिकडं बघितलं आणि म्हटलं, "गुरुजींनी सांगितलंय. लोखंडानं लिंबाची शक्ती उतरते."

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं. मी, तपासणी विभाग, ओझर!

ठमाबाईनं मान डोलावली. "आता कसं शहाण्यावानी बोललात," ती म्हणाली.

त्या दिवसापासून दिवे एकदाही गेलेले नाहीत. मी गुपचूप स्क्रूवर रबरी टोपीही बसवली, हॉर्नही नीट केला, पण त्याचं कुणाला काय! सोसायटीत श्रेय लिंबाला गेलं. काळ्या दोऱ्यातल्या लिंबाची कीर्ती आडगाव नाक्यापर्यंत पोचली. तात्यांनी पाण्याच्या मोटरीला एक बांधलं. भारतच्या दुकानावर तर आता भलं मोठं लिंबू लटकतं, आणि कुणाच्या दिव्यांचा फॉल्ट सापडला नाही की तो सांगतो, "वायरिंग नंतर बघू साहेब. आधी ठमाबाईकडे जाऊन या. ओझरचे निकम साहेब आहेत ना, विमानवाले, तेसुद्धा तिच्याकडूनच नेतात." गेल्या आठवड्यात गोरक्षनं मला बाजूला घेऊन विचारलं, किडनीवर चालतं का म्हणून.

मी कळवळून उठतो. रोज ठरवतो, आज सांगून टाकायचं, सगळ्यांसमोर, नकाशा काढून. मग संध्याकाळी कॅनॉलच्या वळणावर येतो, दिवे वळतात, आणि लांब गॅलरीतली ती सावली लगबगीनं आत जाते.

परवा पोळी वाढताना प्रतिभा म्हणाली, "बघा, एका लिंबानं काम झालं. आणि तुम्ही इतके दिवस त्या वायरी उसवत बसला होता. पटलं ना आता?"

माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. पण पोळी नुकतीच तव्यावरून उतरली होती, अजून वाफ येत होती.

"पटलं," मी म्हटलं. "तूप वाढ."